कम्युनिकेशन स्किल्सचा क्लास : नजर द्यायला शिकवतात, काढून घ्यायला कोण शिकवणार?

अडीच स्टार. तीन देणार होते, पण सरांनी एका पोराला सगळ्यांसमोर जे ऐकवलं त्याचा अर्धा कापला. ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल ही बाई कुठून बोलून राहिली. इतवारीत शहीद चौकाच्या अलीकडे साड्यांचं दुकान आहे, तिथं मी गादीवर असते. गादी म्हणजे खरोखरची गादी. पांढरी चादर, मागे छतापर्यंत रॅक, समोर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक. माझी मोठी मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा मी इथं लागले, आणि आता ती नागपूर विद्यापीठात सायकॉलॉजीत एम.ए. करते. भंडारा, उमरेड, काटोल, तिकडून सिवनी, छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडची माणसं लग्नाचा बस्ता घ्यायला आमच्याकडे येतात. अर्धं बोलणं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि उरलेलं सगळं डोळ्यांनी.

छोटे शेठ वर्धा रोडला नवं शोरूम काढताहेत. तिथं गादी नाही, काचेचं काउंटर, उभ्यानं विक्री, गळ्यात नावाचा पट्टा. त्याची तयारी म्हणून आम्हा काही जणींना त्यांनी पश्चिम नागपुरातल्या या क्लासला टाकलं. फी माणशी साडेपाच हजार, दुकानानं भरली, म्हणून मी पैशांबद्दल कुरकुर करत नाही. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर शेठची ओळख आहे तिथं, आणि दुसरं म्हणजे असे क्लास धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत झालेत. पाटी वेगळी असली तरी आत शिकवतात बहुतेक हेच.

सोयींबद्दल थोडक्यात. हॉल स्वच्छ, एसी चालतो, खुर्च्या चांगल्या. सर वेळेवर येतात, हे नागपुरात मोठं कौतुक. चहा मशीनचा आहे, पिऊ नका, खाली गाडीवर तर्री-पोहे छान मिळतात. बाथरूमला कडी नाही. वर्कबुक देतात ते सगळं इंग्रजीत, आमच्यातल्या एकीला त्यातलं काहीच कळलं नाही आणि तिनं ते घरी नेऊन मुलाला चित्रं काढायला दिलं.

आता मुख्य मुद्दा. या कोर्समध्ये हात कसे ठेवा, कसे उभे राहा, हॅलो कसं म्हणा, असं बरंच आहे. पण सरांचा सगळा जीव आय कॉन्टॅक्टवर. अर्धा कोर्स त्यातच जातो. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ९३ टक्के असं लिहिलं आणि सांगितलं की माणसाच्या बोलण्यातले फक्त ७ टक्के शब्द असतात, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा. म्हणजे तुम्ही काय बोलता त्याला काही किंमतच नाही, डोळे बोलतात. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं.

घरी मुलीला दाखवलं तर ती हसायला लागली. म्हणे आई, हे आकडे अल्बर्ट मेहराबियन नावाच्या प्रोफेसरांचे, १९६७ चे, कॅलिफोर्नियातले. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवला, बरोबर चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द आणि सूर एकमेकांशी जुळत नसले तर माणूस विश्वास कशावर ठेवतो, तेवढाच तो प्रश्न. मेहराबियन साहेबांनी स्वतः पुढे सांगितलं होतं की हे गणित आवडीनिवडी आणि भावनांच्या बोलण्यापुरतं आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका. मला तर तिच्याआधीच शंका आली होती. शब्द ७ टक्के असते तर मी गिऱ्हाइकाला ‘ही टसर चार हजारांची’ असं नुसत्या डोळ्यांनी सांगून दाखवलं असतं.

पुढच्या रविवारी मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, हे रिसर्च आहे.” म्हटलं बरं.

मग आली सेकंदांची पाळी. नियम असा की बोलताना निम्मा वेळ आणि ऐकताना ७० टक्के वेळ समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, एका दमात तीन-चार सेकंद, मग एक डोळा, दुसरा डोळा आणि तोंड असा त्रिकोण करत नजर फिरवायची. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि सर हातात स्टॉपवॉच घेऊन. माझ्यासमोर आली एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची मुलगी. आम्ही एकमेकींकडे अशा पाहून राहिलो होतो की तिला हसू फुटलं, मग मला फुटलं, आणि सरांनी आम्हाला ‘नॉट सिरियस’ म्हणून शेरा दिला.

तीन सेकंदांचा आकडा मात्र अगदी हवेतला नाही. २०१६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जवळपास पाचशे लोकांना पडद्यावर नट-नट्यांचे चेहरे दाखवले होते. ही नजर फार थोडा वेळ झाली की फार जास्त, एवढंच सांगायचं. सरासरी ३.३ सेकंद निघाली. पण तो पडदा होता. समोरची बाई खरीखुरी नव्हती, तिला काही विकायचं नव्हतं, आणि पाहणाऱ्याला तिच्याशी पुढे काही बोलायचंही नव्हतं.

मी सोमवारी दुकानात करून पाहिलं. उमरेडकडच्या एक काकू, सोबत सून. काकू साडीबद्दल विचारून राहिल्या आणि मी मनात एक-दोन-तीन मोजत त्यांच्या डोळ्यांत पाहतेय. त्यांनी आधी पदर सारखा केला. मग कपाळाला हात लावला. मग सुनेला हळूच म्हणाल्या, “काहून पाहून राहिली वं ही माह्याकडं? कुंकू पसरलं का?” मी लगेच दुसरी साडी उलगडली. बस्ता झाला नीट, पण सेकंद मोजणं मी तिथंच सोडलं.

सरांना हे कळत नाही की आमच्या कामात नजर देणं सोपं आहे. ते दोन-तीन महिन्यांत येतं. दुकान गच्च भरलेलं, दारात नवीन बाई उभी, आणि तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकल्या आहात. तिच्याकडे एकदा पाहून मान हलवली की ती थांबते. नाही पाहिलं तर पाच मिनिटांत ती समोरच्या दुकानात. हे काम दहावी नापास पोरगीही शिकते. कठीण आहे ते नजर काढून घेणं, आणि त्याच्यावर या अख्ख्या कोर्समध्ये एक तास नाही.

उदाहरणं सांगते. बाई साडी मांडीवर घेऊन गप्प झाली, बोटं काठावरून फिरून राहिली, म्हणजे ती मनात पैशाचा हिशेब करते आहे. अशा वेळी तिच्याकडे पाहायचंच नाही. आधीच्या चार साड्यांच्या घड्या घालायला घ्यायच्या. तुम्ही पाहत राहिल्या तर तिला वाटतं ही माझं पाकीट मोजून राहिली, आणि ती उठते. दुसरं, सासू-सून, मायलेकी, नवरा-बायको एकमेकींकडे पाहतात ती जी नजर असते ना, ‘घ्यायची का?’, ‘जास्त होते का?’, ‘बाबांना काय सांगायचं?’, तेव्हा मध्ये आपले डोळे घालायचे नाहीत. रॅककडे वळायचं, पोराला आवाज द्यायचा, पाणी मागवायचं. तिसरं, कोणी म्हटलं ‘यापेक्षा थोडी हलकी दाखवा ना ताई’, तर उत्तर देताना थप्पीकडे पाहूनच द्यायचं. त्या वाक्याला चेहरा समोर ठेवून उत्तर दिलं की माणूस लाजतो. चौथं, बाई आरशासमोर पदर खांद्यावर टाकून उभी राहिली की तिच्याशी आरशात बोलायचं, आणि आरशातही चेहऱ्याकडे नाही, काठाकडे पाहून. ती स्वतःला पाहते आहे, तिथं तिसरं कोणी नको असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवडलेल्या साडीकडे बाईचे डोळे परत जातात. तोंडानं म्हणते ‘ही नको, ती दाखवा’, आणि नवीन उलगडली तरी नजर डावीकडच्या त्या करवती काठाच्या टसरकडे. हे पाहायचं असेल तर तुम्ही तिच्या डोळ्यांत पाहून चालत नाही, तिचे डोळे कुठं पाहतात ते पाहावं लागतं. मुलीनं सांगितलं की माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतका उघडा असतो की कोण कुठं पाहतं ते दुरूनही कळतं. माकडांमध्ये, वानरांमध्ये सहसा तसं नसतं. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ते मांडलं. मला वाटतं साड्यांच्या धंद्याला या पांढऱ्या भागानं जितकं दिलं तितकं कोणी दिलं नसेल. ती टसर मी पुन्हा मधोमध आणून ठेवते, काही न बोलता.

सरांना एकदा हे सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही कस्टमरला इग्नोर करता.” मी गप्प बसले.

आता त्या पोराची गोष्ट. गडचिरोलीकडचा, नागपुरात इंजिनिअरिंग झालेला, कॅम्पसमध्ये दोन ठिकाणी इंटरव्ह्यूत अडकला म्हणून आलेला. गोड मुलगा, चहाचे कप गोळा करून ठेवायचा. मॉक इंटरव्ह्यूत सरांनी काही विचारलं की तो आधी टेबलाकडे पाहायचा, दोन-तीन क्षण, मग उत्तर द्यायचा, आणि उत्तर बरोबर असायचं. सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, “टेबलावर उत्तर लिहिलंय का रे? जो डोळ्यांत पाहत नाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तुझ्यात कॉन्फिडन्सच नाही.” लोक हसले. पोरगा लाल झाला, आणि त्यानंतर त्यानं सरांकडे असं टक लावून पाहायला सुरुवात केली की त्याला उत्तरंच सुचेनात. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी पाहत नव्हता आणि बोलत होता, मग पाहायला लागला आणि बोलायचं थांबला.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, यावर प्रयोग झालाय, क्योटो युनिव्हर्सिटीत, २०१६. लोकांना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहत शब्द सुचवायला लावले. शब्द अवघड असले की सरळ डोळ्यांत पाहताना जास्त वेळ लागला. म्हणजे डोक्याचं विचार करणं आणि डोळ्याला डोळा देणं एकाच गल्ल्यातून खर्च होतं. लहान मुलंही पाढे म्हणताना छताकडे पाहतात, त्यांना कोणी म्हणत नाही की तुझा पाढ्यावर विश्वास नाही. दुसरी एक गोष्ट तिनं दाखवली. ॲडम केंडननं १९६७ मध्ये, म्हणजे मेहराबियनच्याच वर्षी, दोघं-दोघं गप्पा मारताना फिल्म काढून तपासलं. बोलणारा माणूस लांब वाक्य सुरू करताना नजर बाजूला नेतो आणि संपत आलं की परत आणतो. ते परत आणणं म्हणजे ‘आता तू बोल’. हे ऐकल्यावर मला आमच्या दुकानातलं रोजचं कळलं. बाई बोलताना साडीकडे पाहते, शेवटचा शब्द माझ्याकडे पाहून टाकते, आणि तेव्हाच मी बोलते. त्याआधी बोलले तर तोडल्यासारखं होतं. या पोरालाही फक्त एवढंच सांगायला हवं होतं की बाबा, टेबलाकडे पाहून विचार कर, उत्तराचं शेवटचं वाक्य मात्र सरांकडे पाहून म्हण. मी त्याला पोह्यांच्या गाडीवर हे सांगितलं. इंटरव्ह्यूचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, नंतर भेट नाही.

‘खोटं बोलणारा नजर चुकवतो’ हेही त्याच दिवशी शिकवलं. बाप्पा! सरांनी एक दिवस आमच्या गादीवर बसावं. ‘शेजारच्या दुकानात हीच साडी सातशेला देऊन राहिले’ असं म्हणणारी बाई तुमच्या बुबुळातून आरपार पाहत असते, पापणीसुद्धा हलत नाही. खरंच पैसे कमी असलेली बाई चादरीकडे पाहते. पुस्तकातही हेच आहे म्हणे: २००३ मध्ये बेला डीपॉलो आणि त्यांच्या सोबत्यांनी खोटं ओळखण्याच्या १५८ खुणा जुन्या सगळ्या अभ्यासांमधून एकत्र करून तपासल्या, आणि नजर चुकवणं ही भरवशाची खूण निघाली नाही. आणि हे क्लासवाले पुढच्या वर्षी एचआरमध्ये जाणाऱ्या पोरापोरींना शिकवून राहिले की जो खाली पाहतो तो लबाड. विदर्भातल्या खेड्यातून आलेला मुलगा वडीलधाऱ्यासमोर मान खाली घालूनच मोठा झालेला असतो. आमच्याकडे डोक्यावर पदर घेतलेल्या सुना येतात, त्या भाव मला विचारतात आणि पाहतात सासूकडे. म्हातारे सासरे येतात, ते माझ्याशी बोलताना अख्खा वेळ लुगड्याकडे पाहतात, ‘बाई, नऊवारीत दाखवा’. तो त्यांचा मान ठेवायचा प्रकार आहे, माझाही आणि स्वतःचाही. त्यांना कॉन्फिडन्स नाही असं म्हणून पाहा, बैलबाजारात त्यांच्याशी भाव करायला जा मग.

बायकांच्या बाबतीत तर सरांनी विचारच केलेला नाही. ‘रस्त्यात, बसमध्ये, कुठंही प्रॅक्टिस करा, अनोळखी माणसाला तीन सेकंद नजर द्या’ असा होमवर्क दिला. वर्गात निम्म्या बायका-मुली. रिसेप्शनवरच्या त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आमचा होमवर्क तिथंच संपला. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवरून चालणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा नजर कुठं ठेवायची. खांद्याच्या उंचीवर, पुढच्या माणसाच्या पाठीवर, कुणावरही टिकू द्यायची नाही. अनोळखी पुरुषाला तीन सेकंद दिले तर तो चौक ओलांडेपर्यंत मागे येतो. हे शिकायला आम्हाला कोणी साडेपाच हजार मागितले नव्हते, आया-आज्यांनी फुकट शिकवलं.

आणि नागपूरच्या उन्हात तर आमची दुसरीच शाळा आहे. एप्रिल लागला की स्कूटीवरची प्रत्येक मुलगी स्कार्फमध्ये अशी गुंडाळलेली की फक्त डोळे बाहेर, त्यावरही काहींचा गॉगल. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला शेजारी गाडी थांबते, दोन डोळे तुमच्याकडे पाहतात, बारीक होतात, आणि कळतं ही आपली भाची. बाहेरगावच्या माणसाला हे खरं वाटत नाही. करोनात मास्क आले तेव्हा सगळं जग म्हणत होतं की आता चेहरा दिसत नाही, बोलायचं कसं. नागपूरच्या मुलींना त्यात नवीन काहीच नव्हतं.

एक गंमत लिहिल्याशिवाय राहवत नाही. क्लास वरच्या मजल्यावर, लिफ्ट छोटी, सात-आठ माणसं कोंबून. आत शिरलं की सगळे आकड्यांकडे पाहतात. एकदा सर आमच्याबरोबर आत आले. वर्गात ७० टक्क्यांचा आग्रह धरणारा माणूस तळमजल्यापासून वरपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून उभा! त्यात त्यांचा काही दोष नाही. माणूस जितका जवळ उभा तितकी नजर कमी द्यावीशी वाटते, हे मायकेल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ मध्येच दोन फूट, सहा फूट, दहा फूट अंतरावर माणसं बसवून पाहिलं होतं. जवळीक एकीकडून वाढली की दुसरीकडून कमी करून माणूस तोल सांभाळतो. मग वर्गात गुडघ्याला गुडघा लावून बसवलं तेव्हा आम्हाला हसू का आलं, तेही कळलं. मेट्रोतही तेच. अग्रसेन चौकावरून मी बसते, बाकं खिडकीला पाठ लावून समोरासमोर, आणि अख्खा डबा एकमेकांच्या चपलांकडे पाहत शंकरनगरपर्यंत जातो. कोणाला कोणाचा राग नसतो. उलट त्या चपलांकडे पाहण्यानंच पन्नास माणसं एका डब्यात सुखानं बसू शकतात. सरांच्या नियमानं बसली तर सीताबर्डीच्या आधी भांडण होईल.

आता चांगलं काय ते सांगते, नाहीतर शेठ म्हणतील पैसे वाया. व्हिडिओ कॉलचा भाग उत्तम आहे. मोबाइलवर इंटरव्ह्यू देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्याला तुम्ही खाली पाहताय असं दिसतं, कारण कॅमेरा वर असतो. त्यांनी प्रत्येकाचं रेकॉर्डिंग करून दाखवलं, पुस्तकांची चळत लावून फोन डोळ्यांच्या उंचीला आणायला शिकवलं, लेन्सच्या बाजूला छोटा कागद चिकटवायला सांगितलं. मी आता दुकानाच्या व्हॉट्सॲपवर साडी दाखवताना हेच करते आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना फरक जाणवतो. हा भाग सर घेत नाहीत, त्यांच्या सहायक मॅडम घेतात. मॅडम शिकवताना एकेकाकडे पाहून बोलतात, थांबतात, फळ्याकडे वळतात, परत येतात. सेकंद वगैरे काही सांगत नाहीत. पाच-दहा माणसांसमोर बोलताना एक वाक्य एका माणसाला द्या, पुढचं दुसऱ्याला, ही त्यांची युक्तीही चांगली. आमच्यातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलीनं शेवटच्या दिवशी उभी राहून दोन मिनिटं न अडखळता बोलून दाखवलं, त्याचं श्रेय पूर्ण मॅडमचं. अडीचमधला दीड स्टार त्यांचा धरा.

कोणी जावं? ज्यांना स्टेजवर, कॅमेऱ्यासमोर बोलायचं आहे, त्यांनी जावं. दुकानात, दवाखान्यात, बँकेत माणसांशी रोज बोलणाऱ्यांना नवीन काही मिळणार नाही, उलट आहे ते बिघडेल. तुमचं मूल ऑटिझमचं असेल किंवा त्याला डोळ्यांत पाहणं जड जात असेल तर इथं मुळीच घालू नका. काही मुलांना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं खरोखर त्रासाचं होतं, आणि इथं ते कळण्याइतका धीर सरांकडे नाही. तशा मुलासाठी आधी डॉक्टर किंवा थेरपिस्ट गाठा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. बॅच कोण घेतं, सर की मॅडम. मॅडमची बॅच आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी असते आणि तिची जाहिरात करत नाहीत. वर्कबुक मराठीत मिळतं का; मी मागितलं तेव्हा ‘प्रिंटला दिलंय’ म्हणाले. आणि एका वर्गात किती माणसं. आमच्यात तीसच्या वर होती, तेवढ्यात रेकॉर्डिंगची पाळी एकदाच येते. पहिला तास फुकट बसू देतात, तो जरूर बसा. गाडी खाली लावू नका, शेजारचा बंगलेवाला हवा काढतो. मेट्रोनं आलं तर स्टेशनावरून चालत जाता येतं. पावती मागून घ्या, नाही मागितली तर देत नाहीत.